राहून गेलेलं भांडण

आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांखेरीज पहिलं पुस्तक आलं, ते मुखपृष्ठाशिवाय. सुरुवातीची काही पानंही गेलेली होती, त्यामुळे ते कुणी लिहिलं, त्याचं नाव काय, हे आम्हाला कधी कळलं नाही आणि आमच्यापैकी कुणी चौकशीही केली नाही. माझा थोरला भाऊ सोपान, आमचा दादा, बारामतीत मोटारपंपांच्या दुकानात कामाला होता. तिथल्या मालकांनी ते त्याला दिलं होतं. "वाच, गिऱ्हाईक तुटणार नाही," म्हणाले होते. माणसांशी कसं वागावं, त्यांना आपलंसं कसं करावं, याचे नियम त्यात होते. दादा बारामतीत खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी निरवांगीला घरी यायचा. आधी त्याच्या पिशवीत आमच्यासाठी भेळेचा पुडा असायचा. आता पुडा आणि पुस्तक असं दोन्ही यायला लागलं, आणि पुड्याला पुस्तकातल्या नियमांसकटच हात लावावा लागायचा.

दिवेलागणीला तो चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचायचा. आई भाकऱ्या थापत असायची. माझी थोरली बहीण, ताई, लसूण सोलायची. आबा, म्हणजे माझे वडील, दारात बसून लोकर पिळायची चाती फिरवायचे. मेंढरं विकून ऊस लावल्याला बरीच वर्षं झाली होती, घरात लोकर उरली नव्हती. तरी कुणाकडून तरी मूठभर मागून आणायची आणि हात चालू ठेवायचा, ही त्यांची सवय. कळपाच्या पुढं चालणाऱ्या बकऱ्याच्या गळ्यातली घंटा त्यांनी चौकटीला टांगली होती. वाऱ्यानं ती वाजली की ते अजूनही मान वर करून बाहेर बघायचे. नीरा नदीच्या बाजूनं पाण्याच्या इंजिनाची फटफट यायची, तव्यावरच्या बाजरीच्या भाकरीचा वास घरभर व्हायचा आणि त्या सगळ्यात दादाचा आवाज: हसतमुख राहा. समोरच्याचं नाव घेऊन बोला. त्याचं ऐकून घ्या. त्याची चूक काढू नका. वाद घालू नका, कारण वाद जिंकला तरी माणूस हरवतो. स्वतःची चूक असेल तर ती आधी कबूल करा.

"ह्ये सांगाय पुस्तक कशाला लागतंय?" आबा म्हणायचे. पण ऐकायचे. उभं आयुष्य परक्याच्या शिवारात कळप बसवत फिरलेला माणूस तो. अनोळखी गावात शिरताना आवाज कुठवर चढवायचा आणि कुठं खाली आणायचा, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. त्यांना त्या पुस्तकात आपलीच वाट दिसत असावी, असं मला आता वाटतं.

दादानं नियमांचा प्रयोग घरापासून सुरू केला, तिथं त्याची फजिती झाली. तो कारण नसताना हसायला लागला. आबांनी दोन-चार दिवस बघून विचारलं, "सोपाना, दाढ दुखती का रं?" एकदा जेवताना तो म्हणाला, "आई, आज आमटी काय झाक झालीया!" आई म्हणाली, "मीठ टाकायचं इसरलंय मी तिच्यात." आम्ही दोघी बहिणी ठसका लागेपर्यंत हसलो. दादाही हसला, आणि ते हसू मात्र पुस्तकातलं नव्हतं.

पण दुकानात ते पुस्तक चाललं, हे कबूल करायला हवं. जळालेली मोटार घेऊन कुणी शिव्या देत आला की आधीचे कामगार त्याच्याशी हुज्जत घालायचे. दादा त्याला बसवायचा, पाणी द्यायचा, सगळं बोलू द्यायचा, मग म्हणायचा, "तात्या, पाण्याच्या पाळीलाच मोटार बसली म्हंजे तुमचं वाईट झालं." तेवढ्यानं तात्या निम्मे खाली यायचे. मालकांनी दादाचा पगार वाढवला. दादाचा त्या पानांवर विश्वास बसला, आणि तो खोटा नव्हता. मला त्याचा अभिमान वाटायचा. आमच्या घरातलं कुणीतरी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून, कपडे न मळवता, नुसत्या बोलण्यावर पोट भरत होतं.

त्याच वर्षी ताईचं लग्न ठरलं. पोरगं चांगलं होतं, घर चांगलं होतं, आणि तरीही आईच्या तोंडावर आनंद दिसेना. कारण सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. आमच्याकडं नवरीला बोहल्यापर्यंत मामा आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मामा नसला तर चुलतमामा चालतो, तोही नसला तर गावातला कुणीही मामा म्हणून उभा करतात, त्यानं लग्न अडत नाही. पण सख्खा मामा जिवंत आहे, धडधाकट आहे, बारामतीच्या पलीकडं कोऱ्हाळ्याला स्वतःच्या घरात आहे, आणि भाचीच्या मागं दुसराच कुणी उभा आहे, हे साऱ्या मांडवानं बघायचं. आईला ते झेपणार नव्हतं. आणि आई भावाशी बोलत नव्हती.

त्यामागची गोष्ट सांगायला हवी. माझी आजी, आईची आई, कोऱ्हाळे बुद्रुकला मामाकडं असायची. ताईच्या लग्नाच्या काही वर्षं आधी एके दिवशी सकाळी तिकडचा माणूस निरोप घेऊन आला, "म्हातारीचं जास्त हाय, चला." आईनं पीठ परातीत तसंच टाकलं. मला बरोबर घेतलं. निरवांगीहून बारामती, बारामतीहून नीरा गावाकडची एसटी. आई वाटभर खिडकीचा गज घट्ट धरून होती. फाट्यावर उतरलो आणि उसामधल्या वाटेनं निघालो, तर समोरून माणसं येताना दिसली. खांद्यावर टॉवेल, पाय ओले, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आईनं त्यांच्या पायांकडं बघितलं आणि ती तिथंच, वाटेच्या मधोमध खाली बसली. जास्त असल्याचा निरोप पाठवला, तेव्हा आजी गेलेलीच होती. लेक येईपर्यंतही कुणी थांबलं नव्हतं.

मागून मामा आला. तो आईपेक्षा लहान, बाळासाहेब नाव त्याचं, कोऱ्हाळ्यात त्याला मान होता. तो म्हणाला, "आक्का, ऊन व्हतं. लोक खोळंबलं व्हतं." आईनं वर बघितलं नाही. तेराव्याला ती पुन्हा गेली, कारण जावं लागतं. भावानं बहिणीला माहेरचं लुगडं द्यायचं असतं. मामीनं हळद-कुंकू लावलं, मामानं लुगडं पुढं केलं, साऱ्या भावकीसमोर. आईनं ते हातात घेतलं, मामाच्या पायाशी खाली ठेवलं, वाढलेल्या ताटावरून उठली आणि पाण्याचा घोटसुद्धा न घेता फाट्याकडं चालायला लागली. ते लुगडं नाकारणं म्हणजे माहेर नाकारणं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. रागावलेलं कोण होतं, हे विचाराल तर दोघंही, आणि माझ्या मते दोघांचाही राग खरा होता.

लग्नाचं बोलावणं घेऊन कोण जाणार, यावर चुलीपाशी बैठक बसली. आबा म्हणाले, "मी जातो." दादा म्हणाला, "आबा, माझ्यावर सोडा. अशी लई माणसं सरळ केल्यात मी." त्याच्या बोलण्यात घमेंड नव्हती, आशा होती. त्याला खरोखरच वाटत होतं की जग शहाण्या बोलण्यानं दुरुस्त होतं. मामाचा माझ्यावर जीव, म्हणून मला बरोबर घेतलं.  निघताना आईनं माझी वेणी पुन्हा घातली, आधीपेक्षा घट्ट.

मामा गोठ्यापुढं बसून कोयत्यानं गाईंसाठी उसाचं वाढं तोडत होता. आम्हाला बघून तो उठला नाही, पण त्याचा हात थांबला. मामीनं घाईघाईनं चहा ठेवला. दादा सतरंजीवर बसला, हसला आणि सुरू झाला.

"बाळासाहेबमामा, कसं हाय सगळं? बाळासाहेबमामा, तुमच्या गाई काय देखण्या हायेत."

"माझं नाव मला पाठ हाय," मामा म्हणाला. "कशाला आलाय त्ये सांग."

दादानं लग्नाचं सांगितलं. मामानं वाढ्याची पेंढी पुढं ओढली आणि तोडता तोडता एकेक सांगायला लागला. तेराव्याला चारचौघांत लुगडं पायाशी टाकलं. ताटावरून उठली. आईबापामागं मी काय कमी केलं व्हतं? दादानं नियमाप्रमाणं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग पुस्तकातला सगळ्यात मोठा नियम काढला.

"मामा, चूक आमचीच हाय. आईनं तसं उठाय नको व्हतं."

मामाचा कोयता थांबला. "आक्का म्हनली ह्ये?"

"न्हाय मामा, मी म्हणतोय."

"मग तू कोण म्हणनारा? तिची आई मेलीती का तुझी?"

"बरोबर हाय मामा तुमचं."

"काय बरोबर हाय? मी तिला वाईट म्हणलो का आत्ता?"

"न्हाय मामा. त्ये बी बरोबर हाय."

मामानं कोयता वाढ्यावर टाकला आणि उभा राहिला.  मी लहान होते, तरी मला कळलं की हा माणूस काहीतरी बोलायला बसला होता आणि दादानं त्याला दार उघडून देण्याच्या नावाखाली ते बंद केलं होतं. "बघू," एवढंच तो म्हणाला. आमच्याकडं "बघू" म्हणजे नाही. आम्ही निघालो. मी चपला घालायला मागं राहिले, तेव्हा आत मामीला तो म्हणताना ऐकू आलं, "ह्ये पोरगं मला भांडू बी देईना. आन् जिनं भांडायचं ती तितं घरात बसलीया."

बारामतीच्या स्टँडवर निरवांगीकडची गाडी लागायला वेळ होता. दादानं मला उसाचा रस पाजला, स्वतः घेतला नाही. "कुशे," तो म्हणाला, "मी काय चुकलो ग? आवाज चढवला न्हाय, उलटून बोललो न्हाय. सगळं केलं." त्याचं तोंड उतरलेलं होतं. स्टँडवर गाड्यांचे हॉर्न, कंडक्टरांच्या हाका, आणि त्यात माझा एवढा शहाणा भाऊ शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा बाकड्यावर बसला होता. मला त्याची फार दया आली. मामाचं वाक्य त्याला सांगावं, असं वाटलं, पण सांगवेना.

ते मी आईला सांगितलं. ती भाकरी भाजत होती. "काय म्हनला? परत सांग." मी परत सांगितलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी तिनं उलटली नाही. "बाळ्या असं म्हनला?" ती म्हणाली. कोऱ्हाळ्याच्या त्या मानकरी माणसाला बाळ्या म्हणणारं या जगात एकच तोंड उरलं होतं आणि कित्येक वर्षांत त्या तोंडातून ते नाव निघालं नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं, माणसाला स्वतःच्या नावासारखा गोड शब्द नाही. खरं आहे ते. फक्त कुणाच्या तोंडून, हे लिहायचं राहिलं असावं, किंवा ते पान आमच्या प्रतीत नसावं.

दुसऱ्या दिवशी आई पहाटेच उठली. फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. "त्याच्या घरचं खायचं न्हाय अजून," म्हणाली. आबा घंटेखाली उभे होते. ते म्हणाले, "जा. पर भांडून ये. नुसती रडून येऊ नगंस." दादाला दुकानात जायचंच होतं, तो आमच्याबरोबर निघाला आणि बारामतीला उतरल्यावर दुकानाकडं न वळता आमच्यामागं नीरेच्या गाडीत चढला.

आई फाट्यापासून झपाझपा चालली. जिथं ती त्या दिवशी खाली बसली होती, त्या जागी तिचे पाय क्षणभर अडखळले. मग मामाच्या अंगणात शिरून, कुणाला रामराम न करता, ती ओरडली, "बाळ्या! भायेर ये!"

मामा बाहेर आला. पंचा कमरेला, अंगावर बंडी. आणि मग जे सुरू झालं, ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. आईनं पुस्तकातला एकही नियम शिल्लक ठेवला नाही. तिनं त्याच्या चुका काढल्या, लहानपणापासूनच्या काढल्या. त्याला पाठीवर घेऊन ती कळपामागं चालायची, तिथपासून सुरुवात केली. मामानंही सोडलं नाही. "साऱ्या गावात माझं नाक कापलंस तू!" "आन् तू माझी आई मी यायच्या आधी नेलीस!" शेजारच्या बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. गाई दाव्याला हिसके द्यायला लागल्या. दादा मधे पडायला गेला, "आई, आसं नगं बोलू, मामांचं बी ऐकून—" तसे दोघंही एकदम त्याच्यावर ओरडले, "तू गप रं!" त्या एका बाबतीत भावाबहिणीचं पहिल्यांदा एकमत झालं.

"घटकाभर थांबला असतास तर काय बिगाडलं असतं?" आई म्हणाली. "मी तोंड बघितलं असतं तिचं. तेवढंच मागत व्हते."

"ऊन व्हतं."

"ऊन नगं सांगू मला! मी उन्हातच जल्मले. खरं सांग."

"लोक खोळंबलं—"

"लोकांचं नगं सांगू. तू सांग. का न्हाय थांबलास?"

 आई त्याच्या अगदी पुढ्यात गेली, पंच्याला धरून त्याला हलवलं. "का न्हाय थांबलास, बाळ्या?"

"भ्यालो," मामा म्हणाला.

 मामा ओट्यावर बसला. त्याचा आवाज आता मघाचा नव्हता. "ताप व्हता तिला. मला वाटलं, उतरंल. कारखान्याची तोड आली व्हती, ऊस भरायचा व्हता. आज नेऊ, उद्या नेऊ म्हनलं बारामतीला. ती म्हनायची, आक्कीला निरोप धाड. मी धाडला न्हाय. तू आली असतीस आन् उचलून दवाखान्यात नेली असतीस, आन् मला चार शब्द सुनावलं असतंस. मग ती गेली. आता तू येणार आन् इचारणार, का न्हाय नेलीस. तुझ्या तोंडाकडं मला बघवणार न्हवतं, आक्का. म्हनून घाई केली."

मामी दारात तोंडात पदर धरून रडत होती. तिला हे माहीत असावं. दादाच्या चेहऱ्यावरचं हसू, जे त्या दिवसांत कधी पुरतं जात नसे, ते पार गेलेलं होतं. मला आईची भीती वाटली. वाटलं, ती आता काय करेल, काय बोलेल. आजही पुष्कळदा मनात येतं, त्या क्षणी ती काहीही बोलली असती तरी ते न्यायाचंच झालं असतं.

ती भावाशेजारी ओट्यावर बसली. बराच वेळ दोघांनी समोरच्या उसाकडं बघितलं. मग ती हळू म्हणाली, "नेली असती तर जगली असती का न्हाय, ह्ये तुला बी ठावं न्हाय आन् मला बी न्हाय. पर तिनं मला बोलावलं व्हतं आन् मी न्हाय आले. त्ये मी इसरणार न्हाय. मरस्तवर न्हाय इसरणार."

"नगं इसरू," मामा म्हणाला.

 मग आईनं पदरानं तोंड पुसलं आणि मामीकडं बघून विचारलं, "माझं लुगडं कुठाय?"

मामी आत पळाली. पेटी उघडल्याचा आवाज आला. तेच लुगडं, घडी न मोडलेलं, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचं. आईनं ते घेतलं, छातीशी धरलं आणि आत्तापर्यंत आवरलेलं रडं तिला आलं. मामाही रडला, लहान मुलासारखा मोठ्यानं. मग मामीनं भाकरी केल्या, हुलग्याचं माडगं केलं, आणि आईनं बरोबर आणलेली भाकरी मामाच्या ताटात घातली, त्याच्या घरची तिनं खाल्ली. जेवताना माडग्यात मीठ कमी आहे, असं आई स्पष्ट म्हणाली. मामी म्हणाली, "व्हय की वन्सं," आणि हसली.

लग्नात मामा ताईच्या पाठीशी उभा राहिला. आईच्या अंगावर तेच लुगडं होतं. अक्षता संपल्याबरोबर दोघं जेवणाच्या पंगतीवरून, आधी कुणाची माणसं बसवायची यावरून, आचाऱ्यादेखत कडाडून भांडली. दादा लांबून बघत होता. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "कुशे, मला ह्ये जमणार न्हाय ग." खरंच जमलं नाही त्याला. पुढं त्यानं स्वतःचं दुकान काढलं, ते चांगलं चाललं. बारामतीत त्याला वाईट म्हणणारा माणूस सापडायचा नाही. वहिनी मात्र एकदा मला म्हणाली होती, "ह्यांच्याशी भांडताच येत नाही हो. सगळ्याला बरोबर म्हणतात आणि उठून जातात. मग मी एकटीच भांडत बसते." ती हे हसत म्हणाली, पण मला हसू आलं नाही.

माझी लेक पुण्यात कंपनीत आहे. तिच्या ऑफिसात परवा कसलं तरी प्रशिक्षण झालं, त्यात हेच नियम शिकवले, आता पडद्यावर चित्रांसकट. तिनं फोन करून विचारलं, "आई, तुम्ही हे लहानपणी चुलीपाशी ऐकलं म्हणतेस. अजून चालतं का गं हे?" मी म्हटलं, चालतं. परक्याशी चालतं, दुकानात, कचेरीत, एसटीत चालतं, आणि माणसानं तेवढं तरी पाळावं, कारण हल्ली फोनवर लोक एकमेकांना जे लिहितात, त्यापुढं त्या फाटक्या पुस्तकातलं प्रत्येक पान मला देवाचं वाटतं. पण जिथं माणसाला तुमचं बोलणं नको असतं, तुम्हीच हवे असता, तिथं नियमाच्या मागं लपू नये. तिथं राग घेऊन जावं आणि समोरच्याचाही घ्यावा. ती म्हणाली, "हे स्लाइडवर कसं लिहायचं?" मी म्हटलं, नको लिहूस.

आई गेली तेव्हा आबा हयात नव्हते. निरवांगीला सगळे जमले. मामा फार म्हातारा झाला होता, कोऱ्हाळ्याहून त्याला गाडीत घालून आणायचं, बारामतीच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललेलं, गाडी अडकलेली. ऊन चढलं. भावकीतली वडीलधारी माणसं म्हणायला लागली, आता उचलायला हवं, लोक खोळंबलेत. सगळ्यांनी दादाकडं बघितलं. सगळ्यांना माहीत होतं, सोपानराव समजूतदार माणूस, कुणाचा शब्द मोडायचा नाही. आणि माझा तो सत्तरीला आलेला भाऊ, ज्यानं उभ्या आयुष्यात आवाज चढवला नव्हता, तो अंगणाच्या मधोमध उभा राहून ओरडला, "मामा आल्याबिगार कुणी हात लावायचा न्हाय! खोळंबलं असतील त्यांनी घरला जावं!" एका चुलत्यानं काही बोलायला तोंड उघडलं, तर दादा त्याच्या अंगावर धावून गेला. त्याला धरावं लागलं. तो रडत होता. मी त्याचा हात धरून उभी राहिले. मला त्याचा एवढा अभिमान दुकानाच्या दिवसांतही वाटला नव्हता.

मामा आला. दोघांनी धरून त्याला आईपाशी आणलं. तो खाली बसला, तिचं तोंड बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. मग काखेतली पिशवी उघडली आणि माहेरचं लुगडं काढून, घडी उलगडून तिच्या अंगावर घातलं. काठ सरळ केला. तिच्या कपाळाला हात लावून तो म्हणाला, "आक्का, थांबलीस व्हय माझ्यासाठी."

मग त्यानं लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. "धरतो बाई," म्हणाला, "तुझा काय नेम, ह्ये बी परत करशील."